‘बॉयकॉट’ आणि ‘बहिष्कार’ : एका भाषांतराचा इतिहास

‘बहिष्कार’ हा शब्द आपल्या पत्रकांत आणि ठरावांत सहज येतो. निवडणुकीवर बहिष्कार, परीक्षेवर बहिष्कार, एखाद्या कंपनीच्या मालावर बहिष्कार. त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दुसरी बातमी असते : अमुक गावात दलित वस्तीवर बहिष्कार, वाण्याने माल देणे बंद केले, पिठाची गिरणी बंद, शेतावरचे काम बंद. पहिल्या ठिकाणी तो शब्द उच्चारणारे आपण असतो, दुसऱ्या ठिकाणी तो सोसणारेही आपणच असतो. इंग्रजीत दोन्हींना ‘बॉयकॉट’ म्हणतात आणि मराठीत दोन्हींना बहिष्कार.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वंगभंगाच्या चळवळीवरचा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, परदेशी कापडावर टाकला तो बहिष्कार म्हणजे देशभक्ती, आणि आमच्या वस्तीवर गावाने टाकला तो गुन्हा. मग दोन्हीला नाव एकच कसे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नाही. हा शब्द कुठे जन्मला, कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला आणि मराठीत येताना त्याचे काय झाले, एवढे या लेखात पाहायचे आहे. हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही. या दोन कृती नीट वेगळ्या केल्या नाहीत, तर कायदा चुकतो आणि चळवळही चुकते.

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट, जन्म १८३२, इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातला. काही काळ सैन्यात होता. पुढे लोक त्याला कॅप्टन म्हणत. १८७० नंतरच्या वर्षांत तो आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. आयर्लंडची तेव्हाची जमीनव्यवस्था आपल्या वाचकाला परकी वाटू नये अशीच होती. जमिनीचे मालक बहुतेक इंग्रज वंशाचे आणि प्रॉटेस्टंट. त्यांतले पुष्कळ जमिनीपासून दूर शहरात राहणारे. कसणारी कुळे आयरिश आणि कॅथलिक. खंड थकला की आधी नोटीस, मग पोलीस, मग कुटुंब घराबाहेर. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. त्या पिढीची मुले आता हाताशी आली होती. १८७९ साली पीक पुन्हा बुडाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीग स्थापन झाली. डेव्हिट स्वतः मेयोतल्या एका बेदखल झालेल्या कुळाचे पुत्र. घर गेल्यावर कुटुंब इंग्लंडला गेले आणि तिथल्या कापडगिरणीत, वयाच्या अकराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्यांचा उजवा हात गेला. लीगचे अध्यक्षपद मात्र चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या जमीनदार घराण्यातल्या पुढाऱ्याकडे होते.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावी पार्नेल यांचे भाषण झाले. ज्या शेतावरून शेजाऱ्याला हुसकावले तेच शेत जो दुसरा कुळवाडी कसायला घेतो, त्याचे काय करायचे, असे त्यांनी सभेला विचारले. गोळी घाला, असा आवाज गर्दीतून आला. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला आणि ख्रिस्ती धर्माला शोभणारा मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनेच्या जागीसुद्धा त्याच्याशी कसलाही संबंध ठेवू नका. जुन्या काळी कुष्ठरोग्याला जसे माणसांतून वेगळे काढत, तसे त्याला वेगळे काढा. या भाषणातल्या दोन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली : हत्यार ज्याच्यावर चालवायला सांगितले तो जमीनदार नव्हता, तो दुसरा गरीब शेतकरी होता. दुसरी : त्या हत्याराचा नमुना कुष्ठरोग्याचा होता. म्हणजे काही अपराध नसताना समाजाने गावाबाहेर काढलेल्या माणसाचा.

पण प्रत्यक्षात घाव पडला तो कारभाऱ्यावर, आणि म्हणूनच शब्दाला त्याचे नाव मिळाले. लॉर्ड अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली होती. मालक १० टक्क्यांवर अडून बसला. बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. २२ सप्टेंबरला पोलिसांच्या संरक्षणात नोटिसा वाटायला माणूस आला, तेव्हा कुळांच्या बायका पुढे आल्या. त्यांनी दगडमाती आणि शेणखताचा मारा करून त्याला परत पाठवले. त्यानंतर बॉयकॉटच्या घरचे गडी गेले, शेतावरचे मजूर गेले. लोहार काम करीना, धोबीण कपडे धुईना, दुकानदार माल देईना, टपाल आणणारा मुलगा येईना. शेतातले पीक तसेच उभे राहिले. बॉयकॉटने आपली कहाणी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्राने कळवली, ते पत्र ऑक्टोबरात छापून आले आणि इंग्लंडात गहजब झाला. नोव्हेंबरात अल्स्टरच्या बाजूने ५० प्रॉटेस्टंट स्वयंसेवक पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक आणि पोलीस लागले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी १०,००० पौंड खर्च झाला, असा त्या वेळचा अंदाज आहे. पीक निघाले आणि बॉयकॉट कुटुंबासह आयर्लंडमधून निघून गेला. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नव्हता.

आता शब्दाची गोष्ट. त्या भागातले कॅथलिक धर्मगुरू फादर जॉन ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ एकदा जेवायला एकत्र बसले होते. या प्रकाराला नाव काय द्यावे, याची चर्चा निघाली. ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द पुढे आला. हा शब्द प्राचीन अथेन्सचा. तिथले नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव खरडून मत देत आणि नको असलेल्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर पाठवत. त्याची मालमत्ता मात्र शाबूत राही. ओमॅलींना हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही असे वाटले. मग त्यांनीच सुचवले, की सरळ बॉयकॉटचे नाव घेऊन त्याचेच क्रियापद करावे. रेडपाथ यांनी ते अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात नेले. हे रेडपाथ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीतून आलेले होते. गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र घेऊन उठलेल्या जॉन ब्राउन यांचे चरित्र त्यांनी लिहिले होते. विद्वानांचा ग्रीक शब्द बाजूला ठेवून अडाणी कुळांसाठी केलेला हा शब्द काही महिन्यांत लंडनच्या वर्तमानपत्रांत आला आणि थोड्याच वर्षांत फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांत त्या त्या उच्चाराने रुळला. ज्याचे नाव त्याला लागले तो बॉयकॉट १८९७ मध्ये वारला.

शब्द १८८० चा असला तरी कृती त्याहून जुनी आहे. १७९१ नंतर इंग्लंडातल्या हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले, कारण ती गुलामांच्या श्रमाची होती. त्या सामान्य घरांतल्या बायकांना मताधिकार नव्हता. साखर घ्यायची की नाही एवढेच त्यांच्या हाती होते. आपल्या देशात पूर्व बंगालच्या फरीदपूर–बाकरगंज भागात १८७२–७३ मध्ये नामशूद्रांनी सवर्णांच्या घरची आणि शेतावरची कामे थांबवली. सरकारी दप्तरात तेव्हा त्यांना ‘चांडाळ’ म्हणत. त्यांच्यातल्या एका प्रतिष्ठिताने श्राद्धाच्या जेवणाचे आमंत्रण दिले आणि सवर्णांनी ते अपमान करून नाकारले, हे निमित्त झाले. काही महिने काम बंद राहिले. पोट हातावर असलेल्यांना पुढे कामावर परतावे लागले आणि तो लढा मोडला. पण त्या लढ्यानेच नामशूद्रांची संघटना आकाराला येऊ लागली, आणि १९११ च्या जनगणनेत ‘चांडाळ’ जाऊन ‘नामशूद्र’ हे नाव आले. १८७४ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात करडे गावच्या लोकांनी सावकाराची शेती कसायची नाही, त्याची चाकरी करायची नाही, असे ठरवले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात मानतात. मात्र त्या सुमाराच्या गावकऱ्यांच्या करारांत आणखी एक कलम असे : जो सावकाराचे काम करील त्याचे न्हावी, धोबी, सुतार, लोहार बंद, आणि तो समाजाबाहेर. एकाच कागदावर दोन्ही बहिष्कार नांदत होते.

मराठीत येताना इंग्रजी शब्दाला ‘बहिष्कार’ हा शब्द मिळाला, आणि इथे खरी गुंतागुंत सुरू झाली. हा शब्द कोरा नव्हता. ‘बाहेर करणे’ हा त्याचा सरळ अर्थ; आणि बाहेर तोच करू शकतो ज्याची आतल्या जागेवर मालकी आहे. जातपंचायत, धर्मपीठ, गावकी यांचा तो अधिकार होता. मराठीत त्याला आणखीही शब्द आहेत : ग्रामण्य, वाळीत टाकणे, जातीबाहेर टाकणे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. त्या बहिष्काराला परतीची वाट होती. प्रायश्चित्त घ्यावे, ब्राह्मणभोजन घालावे, पुन्हा पंक्तीला बसावे. आपल्या पूर्वजांना मात्र जन्मानेच बाहेर ठेवले होते. अपराध नव्हता, त्यामुळे प्रायश्चित्तही नव्हते. आणि बाहेर ठेवूनही सोडले नव्हते. गावाची कामे त्यांच्याकडून करून घेतलीच जात होती.

अशा या शब्दावर १९०५ मध्ये देशभक्तीचे तेज चढले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ब्रिटिश मालावर बहिष्काराचा ठराव झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य अशी ओळ लागली. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गोखले यांनी मात्र सावधगिरीची सूचना केली. ‘बॉयकॉट’ या शब्दाला दुसऱ्याचे वाईट करण्याच्या सूडबुद्धीचा वास आहे, तेव्हा तो जपून वापरावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गोखल्यांच्या मवाळपणाबद्दल आपले मत काहीही असो, शब्दाचा वास त्यांना बरोबर आला होता. बंगालमध्ये मँचेस्टरच्या मालावरचा बहिष्कार लवकरच गावातल्या माणसांवरचा बहिष्कार झाला. स्वस्त विलायती कापड विकणारा फेरीवाला, ते घेणारा मुसलमान शेतकरी, चळवळीत न येणारा नामशूद्र यांच्यावर जमीनदारांच्या आणि भद्रलोकांच्या वजनाने सामाजिक दडपण आले. न्हावी बंद, धोबी बंद हे जुनेच हत्यार बाहेर निघाले. रवींद्रनाथांनी आपल्या ‘घरे बाइरे’ या १९१६ सालच्या कादंबरीत या सक्तीवर टीका केली, ती या अनुभवातून. महाग स्वदेशी कापड घेणे ज्याला परवडते त्याचा तो त्याग. ज्याला परवडत नाही त्याच्यावर ती शिक्षा.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांची शब्दनिवड पाहावी. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेली संस्था ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेले पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’. देशातले पुढारी ज्या काळात ‘बहिष्कार’ हा आपल्या पराक्रमाचा शब्द म्हणून मिरवत होते, त्याच काळात बाबासाहेब त्या शब्दाचे कर्मणी रूप घेऊन उभे राहिले. बहिष्कार घालणारा कोण, हे त्यांनी देशाला विचारले. १९२८ मध्ये हा विरोध उघडच समोर आला. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नाही म्हणून काँग्रेसने आणि इतर पक्षांनी त्यावर बहिष्कार घातला. बहिष्कृत हितकारिणी सभेने मात्र कमिशनपुढे निवेदन दिले आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी बाबासाहेबांची पुण्यात साक्ष झाली. त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. पण ज्यांना पाणवठ्यापासून कायदेमंडळापर्यंत सगळीकडून बाहेर ठेवले होते, त्यांनी आत जाण्याची एक संधी स्वतःहून का सोडावी, या प्रश्नाला आरोप करणाऱ्यांकडे उत्तर नव्हते.

गावातल्या बहिष्काराचे सरकारी कागदावरचे महत्त्वाचे वर्णन याच काळातले आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीने लिहिले ते थोडक्यात असे : अस्पृश्य माणूस पोटासाठी गावातल्या सवर्णावर अवलंबून आहे, तो हक्क बजावू लागला की त्याचे काम बंद होते, दुकान बंद होते, रस्ता बंद होतो, आणि कारणे फार लहान असतात. विहिरीवर पाणी भरणे, जमीन विकत घेणे, चांगले कपडे किंवा दागिने घालणे, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढणे, एवढे पुरते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर आसपासच्या गावांत हेच घडले होते.

हे वर्णन १९३० पाशी संपले नाही. आमच्या घरी आजोबा सांगत, की धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढणे बंद केले, त्या साली गावाने सुगीचे काम बंद केले. आजी चार कोस चालून दुसऱ्या गावी दळण नेत असे. आता हिशेब पाहा. आमच्या माणसांनी बंद केले ते स्वतःचे श्रम. तेही असे श्रम, ज्यांची मजुरी म्हणजे शिळे अन्न आणि अपमान. गावाने बंद केले ते दुकान, गिरणी आणि वाट. दोन्ही बाजूंनी ‘बंद’ हाच शब्द वापरला असला, तरी पहिल्या बंदने गावाची फक्त गैरसोय झाली आणि दुसऱ्याने वस्तीची चूल विझली.

बाबासाहेबांनी यावर उपाय शोधला तो नोंद घेण्यासारखा आहे. गोलमेज परिषदेसाठी त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या निवेदनात बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवण्याची मागणी आहे. व्याख्या त्यांनी घेतली ती ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. हा कायदा ब्रिटिशांनी केला होता तो ब्रह्मी राष्ट्रवाद्यांच्या बहिष्काराला चिरडण्यासाठी. सरकारला साथ देणाऱ्या गावमुखियाला संरक्षण मिळावे म्हणून. साम्राज्याने स्वतःच्या बचावासाठी घडवलेले हत्यार बाबासाहेबांनी उचलले आणि समाजातल्या सर्वांत दुबळ्याच्या हाती देण्याची मागणी केली. उचलताना त्यांनी त्यातली एक तरतूद मुद्दाम राखली : मजूर आणि मालक यांच्यातल्या प्रामाणिक तंट्यात केलेली कृती, तसेच व्यापारातली नेहमीची स्पर्धा, यांना बहिष्कार समजू नये. शिवाय एकट्या माणसाने कोणाच्याही चिथावणीशिवाय, कोणाशी संगनमत न करता संबंध तोडला, तर तो गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कटाचा, मिळून केलेल्या नाकाबंदीचा. हीच कलमे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या त्यांच्या मसुद्यातही आहेत. १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संपावर बंधने घालणारे विधेयक आले, तेव्हा त्याच्याविरुद्ध उभे राहून संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क असे मांडणारेही बाबासाहेबच होते, आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. गावाने घातलेला बहिष्कार गुन्हा आणि कामगाराने केलेला संप हक्क, या दोन भूमिकांत विसंगती नाही. त्या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीलाही हाच पेच पडला होता. १९५४ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ निघू लागल्या. शाळांतला वर्णभेद मोडावा म्हणून अर्जावर सही करणाऱ्या काळ्यांची नोकरी घालवायची, बँकेची उधारी तोडायची, दुकानात माल नाकारायचा, हे त्यांचे काम. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९५५ रोजी, अलाबामातल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. जो अॅन रॉबिन्सन या महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रके काढली, आणि ५ डिसेंबरपासून काळ्यांनी बसमध्ये पाय ठेवणे सोडले. ३८१ दिवस ते पायी चालले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी नंतर लिहिले आहे, की ‘बॉयकॉट’ या शब्दाने आरंभी त्यांचे मन अस्वस्थ झाले. सिटिझन्स कौन्सिलचे हत्यारच आपण उचलत नाही ना, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आपण बस कंपनीला बुडवायला निघालो नाही, अन्यायाला दिलेले आपले सहकार्य काढून घेत आहोत, हे त्यांचे उत्तर. म्हणून त्यांना असहकार हा शब्द अधिक योग्य वाटला. आणि कायद्याने काय केले? अलाबामात १९२१ चा एक बहिष्कारविरोधी कायदा होता. नोकऱ्या घालवणाऱ्या गोऱ्यांना सोडून, पायी चालणाऱ्या काळ्यांच्या पुढाऱ्यांवर १९५६ मध्ये त्याच कायद्याखाली खटले भरले गेले. किंग यांना शिक्षा झाली. शब्दाच्या दोन अर्थांतला फरक कायद्यात लिहिला नाही तर कायदा कोणाच्या बाजूने वळतो, याचे हे उदाहरण आहे. दुसरे, अधिक भयंकर उदाहरण जर्मनीचे. १ एप्रिल १९३३ रोजी सत्तेवर आलेल्या नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर ‘बॉयकॉट’ पुकारला आणि दारात गणवेशातले लोक उभे केले. आयरिश कुळांचा शब्द अर्ध्या शतकात तिथवर पोहोचला होता.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर काय? बहिष्कार चांगला की वाईट, असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. दोन गोष्टी तपासाव्या लागतात. बंद केले ते मुळात कोणाचे होते? आपले श्रम, आपला पैसा, आपले मत ही आपली आहेत. ती रोखून धरण्याचा हक्क आपला आहे. पाणी, रस्ता, बाजार, स्मशान ही कोणा एका जातीची नाहीत. ती रोखणारा दुसऱ्याचे हिसकावतो. दुसरी गोष्ट : ज्याच्यावर ते केले तो उद्या सकाळी कसा जगणार? कॅप्टन बॉयकॉटच्या पाठीशी एक हजार सैनिक होते आणि जायला इंग्लंड होते. गावकुसाबाहेरच्या भूमिहीन कुटुंबाला मागे कोणी नाही आणि पुढेही काही नाही. या कसोटीवर आयर्लंडचा लढाही पूर्ण उतरत नाही. कारभाऱ्याविरुद्ध तो न्याय्य होता. पण पार्नेल यांनी ज्या दुसऱ्या कुळावर बोट ठेवले होते, त्या माणसाला चर्चमध्येही वेगळे काढणे ही जुनीच अस्पृश्यता होती. आपल्याही वस्तीत, आपल्याही समाजात, जातपंचायतीच्या नावाने कोणाला वाळीत टाकले जाते, आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या आईबापांचे येणेजाणे तोडले जाते, तेव्हा ही कसोटी आपल्यालाही लागू आहे.

कायद्याने हा फरक हळूहळू ओळखला. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात बहिष्काराचा उल्लेख आला; तोच पुढे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीबाहेर किंवा पंथाबाहेर टाकण्यावर बंदी घातली होती. धर्मस्वातंत्र्याचे कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ती रद्द ठरवली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा झाला तो २०१५ च्या दुरुस्तीने. जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने चालवलेल्या प्रयत्नांनंतर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कायदा आहे, पण पोलीस ठाण्यात आपला कार्यकर्ता जातो तेव्हा त्याला पहिले वाक्य ऐकायला मिळते ते असे : माल कोणाला विकायचा आणि कामाला कोणाला लावायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न, सक्ती कशी करणार? हे वाक्य वरकरणी बिनतोड वाटते, कारण ते बहिष्काराला असहकाराचा मुखवटा चढवते. बाबासाहेबांच्या मसुद्यात त्याचे उत्तर होते. एका दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला नाही म्हणणे वेगळे, आणि रात्री देवळात बैठक घेऊन सकाळपासून सगळ्या दुकानांनी एका वस्तीला नाही म्हणणे वेगळे. म्हणून तक्रार लिहिताना नुसते ‘गावाने बहिष्कार टाकला’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या तारखेला बैठक झाली, कोण बोलले, दवंडी कोणी दिली, दंड किती ठरला, किराणा कधी बंद झाला, गिरणी कधी, नळ कधी, मजुरी किती दिवसांची बुडाली, वस्तीने त्याआधी कोणता हक्क बजावला होता, हे एकेक लिहावे. ‘बहिष्कार’ या एका शब्दात हे सगळे झाकले जाते आणि गुन्हेगाराला त्या शब्दाची प्रतिष्ठाही फुकट मिळते.